दुसरा तक्ता

ताईने फूटपट्टी सातव्या ओळीखाली सरकवली आणि तिचा हात तिथेच थांबला.

छापील प्रश्न होता, छत्री आणि टोपी यांच्यात सारखं काय? समोरच्या रेघेवर चाचणी घेणाऱ्या चिमणीच्या उजवीकडे कललेल्या अक्षरात उत्तर उतरवलेलं होतं: ‘दोन्ही माणूस कुठेतरी विसरून येतो.’ बाजूच्या चौकटीत शून्य.

बुद्धिमापन केंद्रात कागदावर नाव नसतं. नाव अर्जावर, अर्ज कपाटात आणि कागदावर फक्त क्रमांक. एकाने चाचणी घ्यायची आणि दुसऱ्याने, समोर कोण बसलं होतं हे न जाणता, गुण पुन्हा तपासायचे अशी इथली पद्धत. ताईने तेवीस वर्षांत असे हजारो कागद तपासले होते. सहा वर्षांची पोरं, नोकरीसाठी आलेले तरुण, डोक्याला मार बसलेले ड्रायव्हर, सगळे तिच्या फूटपट्टीखालून गेले होते. पण छत्री-टोपीला हे उत्तर देणारा माणूस तिला अख्ख्या जगात एकच ठाऊक होता, आणि तो काल सकाळी केंद्रात येऊन गेला होता.

तो तिचा बाप होता.

नियमाने तिने कागद लगेच मिटायला हवा होता. नातेवाइकाची चाचणी घ्यायची नाही आणि तपासायचीही नाही. म्हणून तर काल तिने रजा टाकली होती आणि बाबांना चिमणीच्या हवाली केलं होतं. चिमणी म्हणजे केंद्रातली नवी मुलगी. आवाज एवढासा, म्हणून सगळे चिमणी म्हणायचे. तिने सवयीने हाही कागद ताईच्या ट्रेमध्ये ठेवला असणार. ती चूक चिमणीची खरी, पण कागद ओळखूनही ताई पुढे वाचत राहिली, ही चूक कोणाची ते सांगायला नको.

ती उलटी पहिल्या पानावर गेली. ‘वय’ या शब्दापुढे चिमणीने लिहिलं होतं: ‘विचारले असता म्हणाले, आज किती वर्षांचा होऊ?’ आणि खाली शेरा: ‘स्वतःचे वय सांगता येत नाही.’

ताईला एकटीलाच हसू फुटलं.

तीस वर्षांपूर्वी ती हे काम शिकत होती, तेव्हा परीक्षेआधी पन्नास चाचण्या घेऊन दाखवाव्या लागत. शेजारचे एकदा आले, दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा बेल वाजवली तरी दार उघडेनात. उरले बाबा. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान बंद करून आले की हातपाय धुऊन ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे, बाह्या सारख्या करायचे आणि विचारायचे, “मास्तरीणबाई, आज किती वर्षांचा होऊ?” ती सांगेल तेवढ्या वर्षांचे ते व्हायचे. सहाचे झाले की पाय हलवत बसायचे आणि मधेच पाणी मागायचे. अकराचे झाले की सगळं येत असल्याचा आव आणायचे. चाळिशीतला मठ्ठ कारकून तर असा हुबेहूब की आई पोळपाट सोडून हसायला लागायची. आणि सत्तरीचा विसरभोळा म्हातारा करायचा असला, तर चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलाखाली शोधायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. “घरात एक शहाणं माणूस होतं,” आई म्हणायची, “तेही हिने वेडं करून ठेवलं.”

सराव मुख्य कशाचा करायचा, तर चेहरा कोरा ठेवण्याचा. उत्तर बरोबर असो की चूक, समोरच्याला ताकास तूर लागू द्यायची नाही. आणि उत्तर अर्धवट वाटलं, तर ‘आणखी थोडं सांगा’ असं विचारायचं. एकदाच. तेही सगळ्यांना त्याच आवाजात. हे विचारायची सवय व्हावी म्हणून बाबा मुद्दाम अर्धं उत्तर द्यायचे आणि तिच्याकडे बघत थांबायचे. छत्री-टोपीचं उत्तर हे त्यातलंच. ‘दोन्ही माणूस कुठेतरी विसरून येतो,’ असं म्हणून ते थांबायचे. तिने ‘आणखी थोडं सांगा’ म्हटलं की लगेच म्हणायचे, ‘दोन्ही डोक्याचा बचाव करतात,’ आणि दोन गुण घेऊन जायचे.

ताई आता भराभर खाली गेली. अर्ध्यावर सोडलेली अशी सहा उत्तरं होती. सहाच्या सहा ठिकाणी चिमणीने पुढचा प्रश्न विचारलाच नव्हता. सगळे गुण गेले होते.

त्याच्या पुढे आकड्यांची पाळी. परीक्षक आकडे वाचतो, समोरच्याने ते त्याच क्रमाने म्हणायचे. चिमणीने वाचलं होतं: चार, एक, सात, तीन. बाबांचं उत्तर: सहा, दोन, नऊ, पाच. शून्य. पुन्हा दुसरे चार वाचले. पुन्हा सहा, दोन, नऊ, पाच. शून्य, आणि नियमाप्रमाणे हा भाग तिथेच बंद.

सहा, दोन, नऊ, पाच हे जुन्या आवृत्तीतले आकडे होते. स्वयंपाकघरात ते इतक्या वेळा म्हटले गेले होते की आईने प्रवासाच्या पेटीच्या कुलुपालाही तोच आकडा लावला होता. आवृत्ती बदलली, आकडे बदलले, आई जाऊन नऊ वर्षं झाली. आणि काल त्या खोलीत बाबांनी तो आकडा जसाच्या तसा काढून समोर ठेवला होता. कागदावर त्याला शून्य होतं.

शेवटच्या पानावर एकूण गुण होते. ठरलेल्या रेषेच्या खाली, पण थोडेसेच.

या रेषेला यावेळी नेहमीपेक्षा जास्त अर्थ होता. गेल्या चार महिन्यांत बाबांनी दोनदा रिकामं पातेलं गॅसवर काळं होईपर्यंत ठेवलं होतं, आणि एकदा बँकेच्या मागच्या दाराने बाहेर पडून ते असे भरकटले होते की पोस्टमनने त्यांना घरी आणून सोडलं. दादा दुसऱ्या गावी राहायचा. त्याचं म्हणणं, बाबांनी आता एकटं राहू नये, माझ्याकडे यावं. बाबांचं म्हणणं, मी माझ्या घरातून हलणार नाही. ताई मधे. शेवटी तिनेच तोडगा काढला, की चाचणी करू, आणि कागद म्हणेल तसं सगळ्यांनी वागायचं. रेषेच्या वर आले तर बाबा स्वतःच्या घरी राहतील, खाली आले तर दादाकडे जातील. बाबांनी हे विनातक्रार मान्य केलं. जन्मभर त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? लोकांना डोळे तपासायच्या तक्त्यासमोर बसवलं होतं, आणि तक्ता म्हणेल तो नंबर दिला होता. दादाने येत्या रविवारचा टेम्पो सांगूनही ठेवला होता.

ताईने चिमणीला बोलावलं. चिमणी आत आली, टेबलावरचा कागद बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

“ताई, हा तुमच्याकडे यायला नको होता.”

“नको होता. आलाय. बस.” ताईने सातव्या ओळीवर बोट ठेवलं. “इथे ‘आणखी थोडं सांगा’ का नाही विचारलंस?”

चिमणी ओढणीचं टोक दुमडत राहिली. “तुमचे बाबा ना ते. मला वाटलं, विचारलं आणि नाही आलं, तर त्यांना कसंतरी होईल.”

“उत्तर दिल्यावर ते काय करत होते?”

“माझ्याकडे बघत बसायचे.”

“कसे?”

चिमणीने विचार केला. “म्हणजे, पुढचं वाक्य माझं असल्यासारखे. मी काहीच बोलले नाही की मग खिडकीबाहेर बघायचे.”

ताईचा जीव भांड्यात पडला. सगळं लख्ख होतं. बाबांना वाटलं असणार, नवी पोरगी आहे, सराव करून घेऊ. आणि या पोरीला त्यांनी टाकलेला चेंडू झेलता आला नव्हता, एवढंच. शिवाय नियमही तिच्या बाजूने होता. ज्याने चाचणी आधी पाहिलेली आहे त्याचा निकाल धरता येत नाही. बाबांनी ती पन्नासदा पाहिली होती. हे चाचणीआधीच लिहून द्यायला हवं होतं, पण तीस वर्षांत आवृत्ती बदलली, आता काय राहिलं असेल लक्षात, असं म्हणून ताईने ते सोडून दिलं होतं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

तिने कोरा कागद ओढला आणि तीन ओळींत लिहिलं, की सदर व्यक्तीचा या चाचणीशी पूर्वी परिचय आहे, सबब निकाल बाद करावा. सही केली, घडी घालून पिशवीत टाकली. सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर जाईल. मग तिने दादाला फोन लावला.

“टेम्पो आणू नकोस. कागद बाद होतोय.”

“म्हणजे बाबा बरे आहेत?”

“तुझ्या-माझ्यापेक्षा बरे आहेत. त्यांनी त्या पोरीची शिकवणी घेतली.”

“तू म्हणशील तसं, तायडे. पण परवा त्यांनी मला एका फोनमध्ये तीनदा विचारलं, जेवलास का.”

“बापच विचारणार ना. शेजारी विचारेल का?”

दादा हसला आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी शनिवारची अर्धी सुटी होती. दुपारी ताई बाबांकडे गेली. दार बाबांनीच उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा, बाह्या मनगटापर्यंत. घर नीटनेटकं होतं. गॅसच्या वर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती, ‘बंद केला का?’ ताईने चहा टाकला आणि पाटीकडे न बघितल्यासारखं केलं.

“परवा केंद्रात कसं झालं, बाबा?”

“चांगली आहे पोरगी,” बाबा म्हणाले. “पण घाबरलेली होती. घड्याळ दोनदा खाली पडलं.”

“म्हणून मुद्दाम अर्धी उत्तरं दिलीत?”

बाबा मिश्कील हसले. “शिकायला नको का तिला? तू पण पहिल्यांदा अशीच होतीस. बोलायचीच नाहीस. मी आपला बघत बसायचो.”

ताईला एवढं बरं वाटलं की तिने उठून उगाचच बिस्किटांचा डबा काढला. मग कप विसळायला वळली, आणि दारामागे लटकलेला तक्ता तिला दिसला.

तो दुकानातला होता. दुकान विकलं तेव्हा बाबांनी दोन वस्तू घरी आणल्या, एक हातआरसा आणि एक हा तक्ता. हा दुसरा तक्ता. पहिला भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा असायचा, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत गेलेली. ड्रायव्हिंगच्या लायसन्ससाठी दाखला लागणारे लोक बाकावर वाट बघत बसायचे आणि तेवढ्यात शेवटची ओळ पाठ करून टाकायचे. खुर्चीत बसले की घडाघडा म्हणायचे. त्यात लबाडच असायचे असं नाही. आयुष्यभर त्याच दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांना तर ती ओळ नकळत पाठ झालेली असायची, आणि त्यांची शपथेवर खात्री असायची की आपल्याला दिसतंय. बाबा कोणालाच काही बोलायचे नाहीत. ‘वा, छान,’ म्हणायचे, आणि दारामागचा, वेगळ्या अक्षरांचा दुसरा तक्ता काढून पहिल्यावर टांगायचे. दुसरा लावल्याशिवाय त्यांनी कोणाला दाखला दिला नाही. लहानपणी ताईला हे दुष्टपणाचं वाटायचं.

तिने कप पालथा घातला. हात पुसले. पिशवीतून स्टॉपवॉच काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. ते बघताच बाबा खुर्ची ओढून समोर बसले, सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या.

“हं, मास्तरीणबाई. आज किती वर्षांचा होऊ?”

“अठ्ठ्याहत्तर.”

बाबांनी भुवया उंचावल्या. “एवढा म्हातारा कधी केला नाही. सत्तरच्या वर गेलोच नाही आपण.” मग थोडं पुढे झुकून म्हणाले, “कसा असतो तो?”

“तुम्हाला वाटेल तसा करा.”

ते पाठ टेकून बसले. चष्मा कपाळावर चढवला नाही, टेबलाखाली काही शोधलं नाही. नुसते बसले.

ताईने आकडे तिथल्या तिथे मनाने रचले, कुठल्याच आवृत्तीत नसलेले. “मी म्हणते तसं म्हणा. तीन, आठ, एक, चार.”

“सहा, दोन, नऊ, पाच,” बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. “तुझ्या आईच्या पेटीचा आकडा.”

“बरोबर आहे. आता मी म्हणते तो. तीन, आठ, एक, चार.”

बाबांचे ओठ हलले. “सहा,” ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी टेबलावर बोटाने काहीतरी काढलं, पुसलं. “सहाच ना?”

ताईने चेहरा कोरा ठेवला. तेवीस वर्षं ती ज्यासाठी पगार घेत होती ते हेच, आणि आज ते तिला फार जड गेलं. एका प्रश्नावर काही ठरत नसतं, हे ती नव्या मुलींना स्वतः शिकवायची. म्हणून तिने आणखी एक विचारला. तोही कुठल्या पुस्तिकेत नव्हता. बाबांना सोपा जावा असा तिने निवडला होता, आणि हे नियमात बसत नाही हे तिला कळत होतं.

“चष्मा आणि आरसा. यांच्यात सारखं काय?”

“हा नवा आहे,” बाबा लगेच म्हणाले आणि खुशीत हसले. “चष्मा आणि आरसा. दोन्ही पुसावे लागतात.”

हे अगदी त्यांचं उत्तर होतं. ताईला क्षणभर वाटलं, आले बाबा परत. उत्तर अर्धं होतं आणि ते तिच्याकडे बघत थांबले होते, नेहमीसारखे, पुढचं वाक्य तिचं असल्यासारखे.

“आणखी थोडं सांगा,” ती म्हणाली.

बाबा बघत राहिले. चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, भीतीही नव्हती. दुकानात काच बदलायची वाट बघणारं गिऱ्हाईक बसतं, तसे ते शहाण्यासारखे बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी माणसांच्या नाकावर चष्मा ठेवला होता आणि लगेच हातात आरसा दिला होता, एका दिवसात वीस-वीस वेळा.

“पुसावे लागतात,” ते म्हणाले. “रोज.”

हा प्रश्न एकदाच विचारायचा असतो. ताईने तो पुन्हा विचारला. “आणखी थोडं सांगा, बाबा.”

गॅसवरच्या पाटीकडे बघून झालं, खिडकीबाहेर बघून झालं. मग त्यांची नजर परत तिच्यावर आली.

“एवढंच आहे,” ते म्हणाले. “कमी पडलं का?”

“नाही.”

“मग किती मिळाले?”

ज्याची चाचणी घेतो त्याला गुण सांगायचे नसतात, हाही एक नियम होता.

“पैकीच्या पैकी,” ताई म्हणाली.

बाबांनी समाधानाने मान डोलवली आणि बिस्किटाचा डबा स्वतःकडे ओढला. ताई पिशवी घेऊन बाहेर गॅलरीत आली. घडी घातलेला कागद हाताला लागला. तो तिने फाडला नाही, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. तिने तो तसाच तळाशी राहू दिला आणि दादाला फोन लावला.

“उद्या रविवारी टेम्पो घेऊन ये. मी आज इथेच राहते, सामान बांधायला.”

“अगं, पण काल तर कागद बाद झाला म्हणालीस.”

“दुसरा तक्ता लावला,” ताई म्हणाली.

दादाही त्याच दुकानात लहानाचा मोठा झाला होता. त्याने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, “बरं. सकाळी लवकर निघतो.”

फोन ठेवल्यावरही ती कठड्याला धरून तिथेच उभी राहिली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि मग बाबांचा.

“मास्तरीणबाई, पुढचा विचार ना. मी थांबलोय.”